विनोदाची दोरी कुणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘माध्यमं आणि आपण’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळच्या सत्रात आपण कौटुंबिक हिंसाचाराविरोधी कायद्याची उजळणी केली. २००५ च्या या कायद्याचं तिसरं कलम हिंसाचार म्हणजे काय ते सांगतं. शारीरिक, लैंगिक आणि आर्थिक छळाबरोबर त्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. त्याचा खुलासा करताना कायद्यानं अपमान, पाणउतारा, नावं ठेवणं यांच्या जोडीला आणखी एक शब्द घातला आहे : उपहास. मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून केलेला उपहास तर खास नोंदवला आहे. म्हणजे एखादीला हसणं हीसुद्धा हिंसा असू शकते, हे कायद्यानं मान्य केलेलं आहे.

हे ध्यानात ठेवलं तर माझा आत्ताचा विषय तुम्हांला सकाळच्या सत्राहून वेगळा वाटणार नाही. मी बोलणार आहे टीव्हीवरच्या विनोदाबद्दल, आणि तो विनोद लिहिणाऱ्या व करणाऱ्या एका बाईबद्दल. तिचं नाव मीरा स्याल. ती इंग्लंडमध्येच जन्मली आणि वाढली. आईवडील दिल्लीहून तिकडे गेलेले पंजाबी. आपल्यापैकी थोड्याच जणींनी तिचं काम पाहिलं असेल. मीही ते पाहिलं ते तिकडे दाखवून झाल्यावर पुष्कळ वर्षांनी, मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी. पण तिचा सगळा प्रवास समजून घेतला तेव्हा वाटलं, आपल्या कामात रोज समोर येणारा एक प्रश्न इथं फार स्वच्छ दिसतो. हसायचं कुणाला, हे ठरवतं कोण?

आधी तिच्या लहानपणाचा काळ पाहू. मीराचा जन्म १९६१ चा, वुल्वरहॅम्प्टन या कारखान्यांच्या शहरातला. ती वाढली जवळच्याच एसिंग्टन नावाच्या खाणकामगारांच्या गावात. त्या काळात भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजमधून कामासाठी गेलेल्या माणसांबद्दल इंग्लंडमध्ये राग धुमसत होता. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल या खासदारानं या स्थलांतरितांविरुद्ध भाषण केलं. त्या भाषणाला आजही ‘रक्ताच्या नद्यां’चं भाषण म्हणतात. हा पॉवेल खासदार होता तो वुल्वरहॅम्प्टनचाच. म्हणजे मीरा सहा वर्षांची होती तेव्हा तिच्याच शहराचा प्रतिनिधी देशाला सांगत होता की ही माणसं इथं नकोत.

आणि टीव्ही काय दाखवत होता? १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका गाजत होती. तिचं कथानक सुरू होतं आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत. त्यात रंगी राम नावाचा भारतीय माणूस होता. ते काम करणारा मायकेल बेट्स हा गोरा नट, तोंडाला काळपट रंग फासलेला. डिसेंबर १९७७ मध्ये ‘माइंड युवर लँग्वेज’ ही दुसरी मालिका सुरू झाली. परदेशी माणसांचा इंग्रजीचा वर्ग, आणि त्यांच्या चुकांवर हशा. त्यात जमिला नावाची एक भारतीय गृहिणी होती. ती साडी नेसून बसायची, विणकाम करायची आणि तिला इंग्रजी यायचं नाही. संपला तिचा विनोद.

आता गंमत बघा. नेमक्या त्याच सुमारास, ऑगस्ट १९७६ पासून १९७८ च्या जुलैपर्यंत, लंडनच्या विल्सडन भागात ग्रन्विक नावाच्या फोटो धुण्याच्या कारखान्यात संप चालू होता. संपाच्या पुढाकारात होत्या जयाबेन देसाई नावाच्या गुजराती बाई. साड्या नेसलेल्या, हातात फलक धरलेल्या बायका थंडीवाऱ्यात कारखान्याच्या फाटकावर उभ्या राहत होत्या. त्यांच्या पाठिंब्याला गोरे कामगार हजारोंनी आले. संप यशस्वी झाला नाही, पण इंग्लंडच्या कामगार चळवळीला त्या बायका विसरता आल्या नाहीत. एकाच देशात, एकाच वेळी साडीतली एक बाई मालकाला जाब विचारत होती आणि साडीतली दुसरी टीव्हीवर मुकाट विणत बसली होती. टीव्हीवरची ती बाई लिहिली होती एका गोऱ्या पुरुषानं. ज्याच्या हातात लेखणी, त्याला फाटकावरची बाई दिसलीच नाही, किंवा दिसूनही हसण्यासारखी वाटली नाही.

मीरा हा टीव्ही पाहत मोठी झाली. आपल्यासारखं कुणीतरी पडद्यावर दिसावं, असं कुठल्याही मुलीला वाटतं. तिच्यासारखं जे कुणी दिसत होतं, ते हसू करून घेण्यासाठी होतं.

ती मँचेस्टर विद्यापीठात इंग्रजी आणि नाट्यशास्त्र शिकली. १९८३ मध्ये शिक्षण संपताना तिनं एका मैत्रिणीबरोबर ‘वन ऑफ अस’ नावाचं एकपात्री नाटक लिहिलं आणि स्वतः केलं. नटी व्हायचं म्हणून घरातून निघून जाणाऱ्या एका भारतीय मुलीची ही गोष्ट. हे नाटक एडिंबरोच्या महोत्सवात गेलं आणि त्यातून तिला लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम मिळालं. मधल्या काळात तिनं पुढच्या शिक्षणाचा बेत केला होता, तो बाजूला राहिला.

ही सुरुवात नीट पाहा. तिला कुणी भूमिका दिली नाही. तिनं ती लिहिली. त्या वेळी गोऱ्यांच्या नाटकसिनेमांत भारतीय दिसणाऱ्या नटीच्या वाट्याला काय यायचं, याची कल्पना आपण करू शकतो. मनाविरुद्ध लग्न लावून दिलेली मुलगी, नाहीतर दुकानाच्या गल्ल्यामागची बाई. एक तर कीव करण्याजोगी, नाहीतर हसण्याजोगी. कीव आणि हसू यांच्या मधली जागा हवी असेल तर ती स्वतःच लिहावी लागते.

१९९१ मध्ये बीबीसीवर ‘द रिअल मॅकॉय’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात काळे आणि आशियाई विनोदी कलाकार छोटी छोटी प्रहसनं करत. आपण आता ज्याला स्किट म्हणतो, तोच प्रकार. मीरानं तिथं काम केलं. १९९२ मध्ये तिनं ‘माय सिस्टर-वाइफ’ या टीव्हीपटाच्या लेखनात भाग घेतला आणि त्यात भूमिकाही केली. विषय होता एका नवऱ्याच्या दोन बायका. १९९३ मध्ये तिच्या पटकथेवर गुरिंदर चढ्ढा हिनं ‘भाजी ऑन द बीच’ हा चित्रपट केला. त्याच्याबद्दल मी थोडं सविस्तर सांगते, कारण तो जणू आपल्यासाठीच काढला आहे.

बर्मिंगहॅममध्ये ‘सहेली’ नावाचं आशियाई बायकांचं केंद्र आहे. या केंद्रातल्या बायका एक दिवस छोट्या बसनं ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर सहलीला जातात. एवढीच गोष्ट. पण त्या बसमध्ये कोण कोण आहे? गिंदर आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून ती लहान मुलाला घेऊन निवाराघरात राहते आहे. डॉक्टर व्हायला निघालेली हशिदा आहे, काळ्या मित्रापासून तिला दिवस गेले आहेत आणि घरी पत्ता नाही. दुकान सांभाळून थकलेली आशा आहे. परंपरा जपणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, मुलांवर डोळा ठेवणाऱ्या शाळकरी मुली आहेत. मुंबईहून आलेली झकपक कपड्यांतली रेखाही आहे. तिला पाहून तिथल्या म्हाताऱ्या बुचकळ्यात पडतात, कारण त्यांच्या मनातला देश त्यांनी सोडला त्या दिवशीच थांबलेला आहे. आणि बसच्या मागावर आहे गिंदरचा नवरा, आपल्या भावांना घेऊन.

या बसमध्ये पदोपदी हसू येतं. पण म्हाताऱ्या गिंदरला टोचून बोलतात तेव्हा हसू थांबतं. घर मोडलं, नाक कापलं, नवऱ्यानं हात उगारला तर काय झालं, हे सगळं आपण आपल्या सल्लाकेंद्रात मराठीत ऐकतो. शेवटी नवऱ्याचं खरं रूप त्या बायकांच्या समोर उघडं पडतं, तेव्हा त्यांची मतं हलतात. भाषणानं त्या बदलत नाहीत. एक दिवस एकत्र काढल्यानं, एकत्र हसल्यानं आणि डोळ्यांनी पाहिल्यानं बदलतात. वस्तीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता या कामातली खरी अडचण. बाहेर वंशद्वेष आहे. रस्त्यात शिव्या देणारे, दुकानाच्या काचा फोडणारे लोक आहेत. अशा वेळी आपल्याच समाजातला नवरा बायकोला मारतो, हे पडद्यावर दाखवायचं का? समाजातली माणसं म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. आधीच ते आपल्याला हसताहेत, तू आणखी त्यांच्या हाती कोलीत देतेस. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. आपल्याकडेही दलित, मुस्लिम, भटक्या समाजातल्या कार्यकर्त्या मैत्रिणी हे ओझं वागवत असतात. घरातल्या अन्यायाबद्दल बोलावं तर बाहेरचे त्याचा उपयोग आपल्या समाजाला झोडपायला करणार. न बोलावं तर घरातली मरणार. अब्रू समाजाची, किंमत मोजायची बाईनं.

मीरा स्यालचं काम मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी, की तिनं यातली एक बाजू निवडली नाही. दोन्हीकडे एकाच वेळी बोट दाखवलं. हे तिला ज्या कार्यक्रमात सर्वांत चांगलं जमलं त्याचं नाव ‘गुडनेस ग्रेशस मी’. हा कार्यक्रम १९९६ मध्ये आधी बीबीसीच्या रेडिओवर आला, आणि १२ जानेवारी १९९८ पासून टीव्हीवर. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घिर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया असे चार मुख्य कलाकार होते, आणि निर्माता अनिल गुप्ता. दोन पुरुष, दोन बायका. नावातच टोमणा होता. १९६० मध्ये पीटर सेलर्स या गोऱ्या नटानं भारतीय डॉक्टरच्या सोंगात, सोफिया लॉरेनबरोबर, याच नावाचं गाणं म्हटलं होतं. ज्या शब्दांनी आम्हांला हसलात तेच शब्द आम्ही आमच्या पाटीवर लावतो, असा तो प्रकार.

स्किटची रचना साधी असते. दोन-तीन मिनिटांचा खेळ. एक ओळखीचा प्रसंग घ्यायचा आणि त्यातली एकच गोष्ट उलटी करायची. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. उलटलेली गोष्ट नेमकी असेल तर प्रेक्षक हसता हसता गप्प होतो. वेळ थोडा असल्यामुळे लेखनात पाल्हाळ चालत नाही. म्हणून स्किटमध्ये नटापेक्षाही लेखकाचं डोकं जास्त लागतं. या कार्यक्रमासाठी लेखकांचा एक गटच काम करत होता, आणि मीरा कलाकारांबरोबर त्या लेखकांतही होती. हे महत्त्वाचं आहे. विनोदी कार्यक्रमात बाई दिसणं आणि विनोदी कार्यक्रम बाईनं लिहिणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या कार्यक्रमातलं सर्वांत गाजलेलं स्किट बघा. इंग्लंडमध्ये शुक्रवारी रात्री दारू पिऊन झाली की गोऱ्या पोरांची टोळकी भारतीय हॉटेलात शिरायची. वेटरची टिंगल करायची, त्याचं नाव वाकडंतिकडं उच्चारायचं, आणि मर्दुमकी दाखवायला सर्वांत तिखट काय आहे ते मागवायचं. आपल्या गोव्याचं विंदालू तिथं अशा पैजेचा पदार्थ होऊन बसलं होतं. या चौघांनी काय केलं? मुंबई दाखवली. शुक्रवारची रात्र. प्यायलेली भारतीय मंडळी एका इंग्रजी जेवणाच्या हॉटेलात शिरतात. गोऱ्या वेटरच्या नावाची मोडतोड करतात. आणि विचारतात, तुमच्याकडे सर्वांत मिळमिळीत काय आहे? वर बटाट्याच्या चिप्सच्या चोवीस प्लेट मागवतात. बस, एवढंच. इंग्लंडभर लोक हसले, आणि वेटरचा अपमान म्हणजे काय ते त्या हसण्यातूनच त्यांना कळलं. व्याख्यान द्यावं लागलं नाही.

हे झालं बाहेरच्यांवर रोखलेलं बोट. पण त्याच कार्यक्रमात घरच्यांनाही सोडलेलं नव्हतं. एका कपूर कुटुंबाला आपलं नाव ‘कूपर’ आहे असं वाटतं आणि त्यांचे शेजारी रवींद्रनाथ स्वतःला ‘रॉबिन्सन’ म्हणवतात. जगातली यच्चयावत गोष्ट मूळ भारतातलीच, असं हटून सांगणारा एक बाप आहे. दोन आया आपापल्या मुलांची नोकरी, कमाई, मोठेपण यांवरून एकमेकींवर कडी करत जातात. बाहेर विकत मिळणारी कुठलीही वस्तू मी घरी फुकटात करीन, फक्त एक लहानसं वांगं पाहिजे, असं म्हणणारी बाई आहे. मीरा स्वतः स्मिता नावाची सिनेपत्रकार करायची. चमकधमक भारी, आणि माहिती सगळी चुकीची.

त्या दोन आयांचं स्किट पाहताना मला पहिल्यांदा वाटलं, हेही शेवटी आयांनाच हसणं आहे. मग पुन्हा पाहिलं. तिथं हसू येतं ते आयांच्या बाईपणाचं नाही. आयुष्यभर स्वतःचं म्हणून काही मिळालं नाही, म्हणून मुलाच्या पगारावर मान वर करून चालायची सवय लागलेली आहे, तिचं हसू येतं. अशी मावशी माझ्या घरात आहे, तुमच्याही असेल. त्या मावशीनं हे पाहिलं तर ती रागावणार नाही, ती म्हणेल, ही तर अगदी आपल्या अमकीसारखी! ज्याच्यावर विनोद आहे त्याला तो विनोद ओळखीचा वाटतो की जखम करतो, हा फरक लिहिणाऱ्याच्या जागेमुळे पडतो. आतून लिहिलेलं आणि बाहेरून मारलेलं यांत अंतर असतं.

२००१ मध्ये ‘द कुमार्स ॲट नंबर ४२’ ही मालिका आली. लंडनच्या वेम्बली भागातलं एक भारतीय कुटुंब मुलाच्या हौसेसाठी परसातच टीव्हीचा स्टुडिओ बांधतं, आणि खरोखरचे प्रसिद्ध पाहुणे तिथं मुलाखतीला येतात. मुलगा झाला होता संजीव भास्कर. मीरा झाली त्याची आजी, सुशीला. तेव्हा तिचं वय चाळीस. रंगभूषा करून ती म्हातारी व्हायची. पडद्यावरच्या नातवाहून ती खरं तर दोनच वर्षांनी मोठी होती, आणि पुढे २००५ मध्ये दोघांनी लग्न केलं. या मालिकेला २००२ आणि २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.

ही सुशीला आजी मला फार आवडते. ती कोपऱ्यात जपमाळ ओढत बसत नाही. मोठमोठ्या पाहुण्यांना नको ते प्रश्न विचारते, देखण्या पुरुषांशी लाडिकपणे बोलते, मुलाला आणि सुनेला सरळ उलट उत्तर देते. म्हातारी बाई म्हणजे एक तर देवघर नाहीतर कटकट, असं आपल्याही मालिकांनी ठरवून टाकलेलं आहे. तिला इच्छा असतात, मतं असतात, चावटपणा असतो, हे दाखवायचं धाडस विनोदानं केलं. हेच गंभीर नाटकात दाखवलं असतं तर लोकांनी नाकं मुरडली असती. हसताना माणूस बेसावध असतो. तेव्हाच त्याच्या मनात नवी गोष्ट शिरते.

विनोद करणारीला गंभीर काही जमत नाही, असाही एक समज असतो. मीरानं १९९६ मध्ये ‘अनिता अँड मी’ ही कादंबरी लिहिली. खाणकामगारांच्या गावात वाढणाऱ्या एका भारतीय मुलीची ती गोष्ट. इंग्लंडमधल्या शालेय परीक्षांच्या अभ्यासक्रमात तिचा समावेश झाला. १९९९ मध्ये तीन मैत्रिणींवरची दुसरी कादंबरी आली. २०१५ च्या ‘द हाउस ऑफ हिडन मदर्स’मध्ये तिनं भाड्यानं दिलेल्या गर्भाशयाचा विषय घेतला. मूल हवी असलेली लंडनची सुखवस्तू बाई आणि तिच्यासाठी गर्भ वाढवणारी भारतातली खेड्यातली गरीब बाई, यांची ती कथा. आपल्याकडे पैसे देऊन केलेल्या सरोगसीवर २०२१ च्या कायद्यानं बंदी आली, त्याआधीची ही कादंबरी आहे. दोन्ही बाया बायाच, पण एकीच्या हातात पैसा आणि दुसरीच्या हातात फक्त शरीर. बहिणाप्याच्या गप्पा मारताना आपण हे विसरतो.

आणि २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ती झेहरुनिसा झाली. मुंबईच्या विमानतळाशेजारच्या अण्णावाडी झोपडपट्टीवर कॅथरीन बू या अमेरिकन पत्रकार बाईनं पुस्तक लिहिलं आहे, त्यावरून केलेलं ते नाटक. झेहरुनिसा भंगार गोळा करून विकणाऱ्या कुटुंबातली आई. तिचं घर खोट्या पोलीस केसमध्ये सापडतं. वांग्याच्या विनोदावर हसवणाऱ्या मंडळींतलीच एक बाई लंडनच्या रंगमंचावर आपल्या मुंबईतल्या भंगारवालीचं दुःख आणि तिची शिवराळ जिद्द उभी करत होती. मे २०२३ मध्ये बाफ्टा या संस्थेनं तिला आपला सर्वोच्च सन्मान, म्हणजे फेलोशिप दिली. ‘वन ऑफ अस’पासून मोजलं तर चाळीस वर्षं झाली होती.

आता आपल्याकडे येऊ. बायका हसत नव्हत्या, असं कधीच नव्हतं. जात्यावर, भोंडल्याच्या फेरात, मंगळागौरीच्या रात्री सासू, नणंद, नवरा सगळ्यांची टर उडवून झाली आहे. पण तो हशा फेराच्या आत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मान खाली. फेराच्या बाहेर, म्हणजे तमाशात, नाटकात, टीव्हीवर, विनोद लिहिला तो बहुतेक पुरुषांनी. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ उभं केलं, तेव्हा तो हशा फेरातून बाहेर, चौकात आला. गाणी, टोमणे, हसू, आणि त्यातून प्रश्न. हे आपलं घरचं उदाहरण आहे, ते विसरायला नको.

पण आज घरोघरी जे स्किट पाहिलं जातं त्यात काय असतं? पुरुष साडी नेसून येतो आणि त्याच्या चालण्यावर हशा. जाड बाईच्या जाडीवर हशा, सावळीच्या रंगावर हशा. कामाला येणारी बाई तोंड उघडते आणि तिच्या बोलीवर हशा. म्हणजे ‘माइंड युवर लँग्वेज’च. फक्त तिथं गोरा काळ्याला हसत होता, इथं शहर खेड्याला आणि वरचे खालच्यांना हसतात. चांगली कामं करणाऱ्या विनोदी नट्या आपल्याकडे आहेत, खूप गुणी आहेत. कार्यक्रम संपताना लेखकांची नावं पडद्यावरून सरकतात, ती एकदा वाचून पाहा. त्यांत बायका किती आहेत, ते मोजा.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गमतीचा बाऊ कशाला? आमच्या सल्लाकेंद्रात आलेली एक बाई सांगत होती, “नवरा मारत नाही. पण पाहुणे आले की माझ्या बोलण्याची नक्कल करून दाखवतो. सगळे हसतात. मलाही हसावं लागतं.” यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जड वाटतं. नवऱ्याला बोलावलं तर त्याचं म्हणणं, “गंमत केली, त्यात एवढं काय?” कचेरीतही हेच. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात लैंगिक अर्थाचे शेरे मारणं हाही छळ धरला आहे. पण तक्रार केली की ऐकू येतं, “हिला विनोदच कळत नाही.” चळवळीतल्या बायकांवर तर हा शिक्का कायमचाच. ह्या हसत नाहीत, ह्यांना विनोदबुद्धी नाही.

मैत्रिणींनो, आपल्याला विनोद कळतो. म्हणूनच तो कुणावर आहे तेही कळतं. वस्तीतल्या गटात कधी बसून पाहा. रेशनच्या दुकानदाराची, फॉर्म परत करणाऱ्या कारकुनाची, दारू पिऊन आल्यावर सज्जन होणाऱ्या नवऱ्याची बायका जी नक्कल करतात, तिच्यापुढे टीव्ही फिका पडेल. ज्या माणसाची भीती वाटते त्याची नक्कल करता आली की भीती थोडी उतरते. पण एक सावधगिरी ठेवा. मार खाऊन आलेल्या बाईला कुणी हसायला सांगू नये. तिची वेळ आली की ती आपण होऊन हसेल, आणि तो विनोद तिचा असेल.

दुपारच्या गटचर्चेसाठी मी एक काम देते आहे. प्रत्येक गटानं टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिलेलं एक स्किट आठवायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. हे कुणी लिहिलं? हसू कुणावर आहे, वरच्यावर की खालच्यावर? आणि ज्याच्यावर आहे ते माणूस इथं शेजारी बसलं असतं, तर आपण हसलो असतो का? मग त्याच स्किटमधली एकच गोष्ट उलटी करायची. मुलगी पाहायला आलेल्यांना मुलीनंच चालून दाखवायला सांगितलं तर? सुनेच्या बापानं मुलाकडे हुंडा मागितला तर? दोन-तीन मिनिटांचा खेळ बसवा. सामान लागत नाही. लिहिताना मात्र वही गटातल्या सगळ्यांच्या हातून फिरू द्या. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं उतरवावं. लेखक म्हणून नाव तिचंही लागलं पाहिजे.

संध्याकाळी सगळे खेळ अंगणात करू. गावातली माणसं बघायला येणार आहेत, पुरुषही येतील. कुणी नाक मुरडेल, कुणी हसेल. हसतील त्यांचे दात दिसतील. आपण खेळ करू.